मिश्रमद्य

मिश्रमद्य : (कॉकटेल). ऊर्ध्वपातित मद्यात गोड, आंबट, कडू किंवा सुगंधी द्रव्ये प्रमाणशीर मिसळून तयार केलेले व सामान्यतः बर्फाने थंड केलेले पेय. आसवे व अरिष्टे यांत स्वादद्रव्ये किण्वनापूर्वी किंवा किण्वन चालू असताना घालतात. मिश्रमद्यात ती मद्य पूर्ण तयार झाल्यावर, बहुधा पिण्याच्या वेळीच घालतात, हा दोहोंतील मुख्य भेद होय. मूळ मद्य व्हिस्की, रम, जिन, ब्रँडी, व्होडका यांपैकी कोणतेही असू शकते. प्रस्तुत नोंदीत व्हिस्कीची मिश्रमद्ये, त्यांत वापरला जाणारा मेपल वृक्षाचा पाक व इतर गोड द्रव्ये आणि रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत मिळणारी त्यांच्या जोडीची द्रव्ये यांचा विचार केला आहे. या दोन तालुक्यांचा निर्देश करण्यास कारण आहे. मुंबई–पुणे मार्गावरील या भागात शेतघरे व विश्रामस्थाने मोठ्या संख्येने उभी राहिली असून तेथे शहरातून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर व्हिस्की व तिची मिश्रणे आली. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी कातकरी व ठाकूर (ठाकर) या जमातींच्या वाड्या आहेत आणि त्यांच्याकडे जंगलातून मिळणाऱ्या शर्करेची, म्हणजे मोहफुलांची, जुनी विद्या आहे. मेपलचा पाक आणि मोहाचे फूल यांची जातकुळी बरीचशी एक आहे. त्यांचे नशीब मात्र अगदी भिन्न ठरले.

इतिहास : मद्यात मसाले व गूळ घालण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधू असे मद्याचे प्रकार सांगितले असून, मैरेयासाठी मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ आणि पिंपळी व मिरी किंवा त्रिफळा सांगितला आहे. ही सर्व किण्वित मद्ये होत. त्यांना आजच्या अर्थाने मिश्रमद्य म्हणता येणार नाही.

तयार मद्यात मिश्रण करण्याच्या यूरोपीय प्रथेचे एक महत्त्वाचे मूळ मात्र भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी व खलाशी येथील अरकात साखर, लिंबाचा रस, पाणी व मसाला मिसळून ‘पंच’ नावाचे पेय घेत. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने १६३८ मध्ये सुरतेस असे पेय पाहिले. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर हा १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थान व इराण येथे होता. गोव्यातील नेरूळ येथील अरक सर्वोत्तम असून त्यापासून इंग्रज हे पेय करतात आणि पाच घटकांमुळे त्यास हे नाव पडले, असे त्याने लिहिले आहे. ‘पाच’ वरून ‘पंच’ ही व्युत्पत्ती सर्व कोशकारांना मान्य नाही. काही जण ती पिंपवाचक इंग्रजी शब्दाकडे नेतात. तथापि पेयाचा उगम या किनाऱ्यावरील व्यापारात आहे, याविषयी फारसे दुमत नाही. व्हिस्कीची आंबट मिश्रणे ही पंचाचीच धाकटी भावंडे होत. वाडग्यातले पेय पेल्यात आले, एवढाच फरक.

‘कॉकटेल’ या शब्दाची छापील व्याख्या अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यामधील हडसन येथील एका वृत्तपत्रात १८०६ मध्ये आली. तीत कोणतेही ऊर्ध्वपातित मद्य, साखर, पाणी व कडू अर्क असे चार घटक सांगितले आहेत. जेरी टॉमस याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाने या मिश्रणांना निश्चित कृती व नावे मिळवून दिली. बर्फाचा व्यापार याच काळातला. बॉस्टनच्या तळ्यांतील बर्फ जहाजाने १८३३ मध्ये कलकत्त्यास पोहोचला आणि तोवर कोमट प्यायले जाणारे मद्य हिंदुस्थानातील साहेबांच्या पेल्यात थंड झाले.

व्हिस्की : मिश्रणाची निवड व्हिस्कीच्या जातीवर अवलंबून असते. सातूच्या मोडांपासून (माल्टपासून) केलेली स्कॉच व्हिस्की, निदान ५१ टक्के मका असलेली व आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरविलेली अमेरिकन बर्बन, तिखटसर चवीची राय आणि सौम्य कॅनेडियन हे प्रमुख प्रकार होत. बर्बनमध्ये ओकच्या जळक्या लाकडातून व्हॅनिलासारखा व जळलेल्या साखरेसारखा गंध उतरतो. म्हणून मेपल, गूळ, काकवी यांच्याशी तिचे सर्वांत चांगले जमते. धुराचा वास असलेल्या स्कॉचमध्ये मध बरा वाटतो. भारतात व्हिस्की या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त मद्यांतील मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहॉलात थोडी माल्ट व्हिस्की मिसळून बनवितात. यूरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा मद्यास व्हिस्की म्हणता येत नाही. उसाच्या कुळातील असल्यामुळे या मद्याला गुळाचा व काकवीचा पाक चांगला मानवतो, हे सोवळ्या रसिकांना रुचणार नाही; पण चव घेतल्यास पटते. पूर्णतः माल्टपासून केलेल्या उत्तम भारतीय व्हिस्क्याही आता मिळतात. त्यांत फार काही मिसळू नये.

मेपलचा पाक : उत्तर अमेरिकेतील शर्करा मेपल (ॲसर सॅकॅरम) या वृक्षाच्या खोडास हिवाळ्याच्या अखेरीस भोक पाडून त्यातून झिरपणारा रस गोळा करतात. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी व दिवसा ऊब, असे हवामान असलेल्या काही आठवड्यांतच रस वाहतो. त्यात शर्करा केवळ २ टक्क्यांच्या आसपास असते, सु. ४० लिटर रस आटविल्यावर १ लिटर पाक मिळतो. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सु. ४° से. अधिक तापमानास रस उकळू लागला, की पाक तयार झाला असे समजतात. त्या वेळी त्यात ६६ ते ६७ टक्के शर्करा असते व ती मुख्यत्वे सुक्रोज असते. हंगामाच्या प्रारंभीचा पाक सोनेरी व सौम्य, तर अखेरचा गडद व उग्र असतो. व्हिस्कीत गडद पाकच वापरावा. सोनेरी पाकाचा गंध मद्यात लोपतो. जगातील उत्पादनाचा फार मोठा भाग कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून येतो. ही विद्या मूळची तेथील आदिवासी जमातींची. यूरोपीय वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडून घेतली, लोखंडी कढया व पुढे बाष्पीभवनाची यंत्रे आणली आणि पाकाचा मोठा व्यापार उभा केला.

मेपलच्या गंधास कारणीभूत असलेल्या संयुगांची संख्या मोठी आहे. त्या गंधाची हुबेहूब आठवण करून देणारे सोटोलॉन हे संयुग मेथीच्या दाण्यांत असते. अपरिष्कृत उसाच्या साखरेतही ते आढळते. कृत्रिम मेपल स्वादासाठी मेथीचा अर्क यामुळेच वापरला जातो. मेथीचे चार दाणे कोरडे भाजून गुळाच्या गरम पाकात दहा मिनिटे ठेवल्यास व गाळून काढल्यास मेपलचा भास होतो. दाणे अधिक झाल्यास किंवा अधिक वेळ राहिल्यास पाक कडू होतो. बाजारात मेपलच्या नावावर मक्याच्या पाकात रंग व स्वाद घालून केलेले स्वस्त पदार्थही मिळतात. त्यांपेक्षा चांगली काकवी केव्हाही श्रेष्ठ.

मिश्रणाचे तत्त्व व प्रमाण : अल्कोहॉलाची जीभ भाजणारी तीव्रता शर्करेने सौम्य भासते, कडवटपणा झाकला जातो आणि द्रवाची श्यानता वाढल्याने पेय तोंडात भरदार लागते. आंबट रसाने हा गोडवा तोलला जातो. कडू अर्क (बिटर्स) अगदी थोड्या प्रमाणात घातल्यास गोड व आंबट या दोन्हींना आवर बसतो. यांतील सर्वपरिचित अँगोस्तुरा हा अर्क जर्मन वैद्य झीगर्ट याने व्हेनेझुएलात १८२४ मध्ये तयार केला. तो मूळ औषध म्हणून होता व आता त्रिनिदाद येथे बनतो.

चौथा घटक पाणी. ते वेगळे घालीत नाहीत. बर्फ वितळून ते येते. मोठ्या बर्फाच्या खड्यांवर अर्धा मिनिट ढवळल्यास पेयाच्या घनफळात सु. एकपंचमांश ते एकचतुर्थांश भर पडते, जोराने हलविल्यास अधिक. नवशिक्यांचे पेय बिघडते ते पुष्कळदा साखरेमुळे नसून चुरा झालेल्या, ओल्या बर्फामुळे असते.

सर्वांत साध्या मिश्रणात (ओल्ड फॅशन्ड) ६० मिलि. व्हिस्की, ८ ते १० मिलि. मेपल पाक व कडू अर्काचे काही थेंब घेऊन बर्फावर ढवळतात आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा पेयावर पिळून त्यातील तेलाचा फवारा वर पाडतात. आंबट मिश्रणात (व्हिस्की सावर) तेवढ्याच व्हिस्कीस २० मिलि. कागदी लिंबाचा रस व १५ ते २० मिलि. पाक लागतो, हे मिश्रण झाकणाच्या भांड्यात बर्फासह जोराने हलवून गाळतात. दोन भाग साखर व एक भाग पाणी यांच्या पाकाची घनता मेपलच्या पाकाएवढीच असल्याने एकाच्या जागी दुसरा त्याच मापाने चालतो. समभाग पाकात शर्करा निम्मीच असल्याने तो काहीसा अधिक घ्यावा लागतो. मधात शर्करा सु. ८० टक्के असून तो थंड मद्यात तळाशी बसतो. म्हणून कोमट पाण्याने सैल करूनच घालावा.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्कीत बहुधा ४२·८ टक्के (घनफळानुसार) अल्कोहॉल असते. अशा ६० मिलि. व्हिस्कीत, म्हणजे बोलीभाषेतील एका मोठ्या पेगात, सु. २० ग्रॅ. अल्कोहॉल येते. पाक व पाणी मिसळल्यावर पेयाचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत उतरते. पण पोटात जाणारे अल्कोहॉल तेवढेच राहते आणि गोडव्यामुळे पिण्याचा वेग वाढतो. मिश्रमद्य सौम्य असते, हा समज त्यामुळे दिशाभूल करणारा आहे.

कर्जत–खालापूर भागातील स्वादद्रव्ये : हा भाग भाताचा, ऊस येथे व्यापारी प्रमाणावर होत नाही. गूळ व काकवी देशावरून, विशेषतः कोल्हापूरकडून येते. काकवीचा रंग गडद, चव किंचित खारट व धातूसारखी असते; म्हणून ती मेपलच्या सु. तीनचतुर्थांश मापाने घेऊन थोडे पाणी मिसळावे. गुळाचा पाक समभाग पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळावा लागतो, कारण त्यात माती व चोयट्या असू शकतात. माथेरानच्या बाजारपेठेत मध विकत मिळतो. जंगली मधाची चव फुलोऱ्यानुसार बदलते, हा त्याचा गुणही आहे व दोषही.

आंबट द्रव्यांत कोकम मुख्य. बाजारात मिठाचे आगळ व साखरेचे अमृत कोकम अशी दोन रूपे मिळतात. व्हिस्कीत दुसरे घालावे. त्यातील हायड्रॉक्सिसिट्रिक अम्लाचा आंबटपणा लिंबापेक्षा मंद व रेंगाळणारा असून गर्द लाल रंग पेयास आपोआप येतो. आगळ वापरायचेच असल्यास चहाच्या चमच्याच्या वर जाऊ नये. उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगरउतारावरील करवंदे व त्यापाठोपाठ जांभळे आदिवासी स्त्रिया पानांच्या द्रोणांतून विक्रीस आणतात. करवंदाचा चीक चवीत उतरतो, म्हणून फळे शिजवून पाक करणे बरे; जांभळाचा तुरटपणा मात्र ओक पिंपातील व्हिस्कीच्या तुरटपणाशी भिडतो व दोन्ही मिळून घसा कोरडा पाडतात. आले व गवती चहा यांचा पाक सर्वांत निर्धोक.

ताडाच्या किंवा शिंदीच्या नीरेत १० टक्क्यांहून अधिक शर्करा असते, म्हणजे मेपलच्या रसाच्या कितीतरी पट. असे असून तिच्या पाकाचा मोठा उद्योग कोकणात उभा राहिला नाही, याचे एक कारण हवामान. मेपलचा रस थंडीत टिकतो, नीरा मात्र झाडावरून उतरविल्यावर काही तासांतच आंबून तिची ताडी होते. [⟶ ताडी].

मोहफुले : मोह (मधुका लाँजिफोलिया) हा सह्याद्रीच्या पायथ्याच्या पानझडी जंगलातील वृक्ष. मार्च–एप्रिलमध्ये पाने गळालेल्या फांद्यांच्या टोकांस फुलांचे घोस येतात. फुलाची फिकट पिवळसर, मांसल पाकळीनळी पहाटेच्या सुमारास गळून पडते व झाडाखाली सडा पडतो. फुले वेचण्याचे काम उजाडण्यापूर्वी सुरू होते. ते मुख्यतः स्त्रिया व मुले करतात. उन्ह चढले की फुले कोमेजतात आणि गुरे व रानजनावरे ती खाऊन टाकतात. वाळलेल्या फुलांच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग शर्करांचा असतो. वाळवून ठेवलेली फुले पुढे कित्येक महिने टिकतात. ती भाजून, शिजवून किंवा पिठात मिसळून खातात आणि टंचाईच्या काळात ती पोटाला आधार देतात. बियांपासून तेल निघते. एकाच झाडापासून गोड, तेल व मद्य मिळते.

मद्यासाठी वाळलेली फुले पाण्यात भिजत घालून आंबू देतात व आंबलेला द्रव मडक्याच्या किंवा तांब्याच्या भट्टीतून गाळतात. जुन्या व्यवहारात सौम्य मद्यास रासी आणि कडक मद्यास फूल म्हणत. दुसऱ्यांदा गाळलेला तो बेवडा. आज हा शब्द मद्यप्याला उद्देशून शिवीसारखा वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ केवळ तांत्रिक होता. चांगल्या मोहाच्या मद्यास फुलाचा ओलसर, काहीसा कस्तुरीसारखा व सुक्या मनुकांसारखा गंध असतो. कातकरी व ठाकूर यांच्या जन्म, विवाह व मृत्यू यांसंबंधीच्या विधींत तसेच देवांना व पूर्वजांना नैवेद्य म्हणून ते लागे. व्यसनाने कुटुंबे उद्ध्वस्त झाल्याची उदाहरणेही या वाड्यांतून आहेत आणि दारूविरुद्ध पुढाकार घेणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे परंपरेच्या कौतुकात बुडवून टाकणे योग्य नव्हे.

फूल आणि कायदा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत घरगुती गाळप सार्वत्रिक होते. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ मध्ये झाला. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचा त्याच्या अंमलबजावणीत मोठा वाटा होता. गावोगावच्या भट्ट्या बंद करून गाळप मोजक्या ठिकाणी आणावयाचे व तेथेच कर वसूल करावयाचा, हे नव्या व्यवस्थेचे सूत्र होते. या भागासाठी उरण हे केंद्र ठरले. तेथील भट्ट्या पारशी मक्तेदारांच्या हाती होत्या आणि त्यांना लागणारी मोहफुले मुख्यतः गुजरातमधील पंचमहालांतून येत. कर्जतच्या जंगलातील मोहाखाली फुले पडून राहत व त्याच फुलाचे दूरवरून आणून गाळलेले, कर भरलेले मद्य कर्जतच्या दुकानात विकत घ्यावे लागे. चोरटे गाळप अर्थातच थांबले नाही.

तेव्हा सरकारने फुलावरच हात टाकला. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये मोहफुलांविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि फुले गोळा करणे, बाळगणे व विकणे यांवर परवान्याचे बंधन आले. कर्जत तालुका १८९१ मध्येच ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्यास जोडण्यात आला होता आणि खालापूर हा त्याचा महाल होता. दोन्ही जिल्हे कायद्याच्या कक्षेत असल्याने या बदलाने येथील लोकांना काहीच सूट मिळाली नाही. फूल हे अन्न आहे की केवळ मद्याचा कच्चा माल, हा त्या वेळच्या वादाचा गाभा होता. कायद्याने त्याचे उत्तर मद्याच्या बाजूने दिले. अन्न म्हणून फुले साठविणाऱ्या कुटुंबालाही संशयिताच्या रांगेत उभे करणारा हा नियम महसुलासाठी होता, नशाबंदीसाठी नव्हे. कारण दुकानातले मद्य त्याच काळात खुलेपणाने विकले जात होते. त्या मद्याची २५ अंश व ६० अंश ‘अंडर प्रूफ’ अशी दोन बळे ठरलेली होती. आजच्या मापाने ती अनुक्रमे सु. ४३ व २३ टक्के अल्कोहॉल भरतात. पैकी पहिले बळ आज भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर छापलेल्या ४२·८ टक्क्यांच्या आकड्याशी तंतोतंत जुळते. वसाहतकालीन मोजमापाचा हा अवशेष व्हिस्की पिणाऱ्या फार थोड्यांच्या ध्यानात येतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये झाला व १९५० पासून राज्यभर दारूबंदी आली. मोहफुलांवरील नियंत्रण या अधिनियमातही राहिले. पुढे परवान्यांची पद्धत सैल होत गेली. देशी मद्याचे नियम १९७३ मध्ये झाले, पण त्यान्वये दुकानात आलेले देशी मद्य मुख्यतः मळीच्या अल्कोहॉलाचे, संत्र्यासारखे स्वाद घातलेले व कारखान्यात भरलेले होते. म्हणजे स्वादमिश्रित मद्य अधिकृत झाले आणि फुलाचा स्वाद मुळातच असलेले मद्य बेकायदा राहिले. चोरट्या भट्टीतही मोहाची जागा हळूहळू काळ्या गुळाने व नवसागराने घेतली. हे मद्य मोहाचे म्हणून विकले गेले, तरी त्याच्याशी त्याचा संबंध नावापुरता असतो. त्याहून भयंकर म्हणजे औद्योगिक मिथेनॉलाची भेसळ. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा मद्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलाचा वास व चव साध्या अल्कोहॉलाहून ओळखू येत नाही आणि गोड पाकात तर मुळीच नाही. थोड्या प्रमाणातही ते दृष्टी घालविते. मूळ ठाऊक नसलेले मद्य मिश्रणासाठी कधीही घेऊ नये.

वनहक्क कायद्याने (२००६) गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी जमातींना मिळाला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांवरील अटी शिथिल केल्या. घरी मद्य गाळणे मात्र आजही गुन्हा आहे. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला व ती राजरोस विकली जाते. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये आदिवासी बचत गटांनी गाळलेल्या मोहाच्या मद्यास वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण घेतले. उत्तर कोकणात असे काही घडलेले नाही. शिवाय येथे एक निराळीच अडचण आहे. कातकरी कुटुंबांपैकी पुष्कळ जण पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर कामास जातात व पावसाच्या तोंडावर परततात. मोह फुलतो तो याच काळात. कायद्याने मोकळे झालेले फूल वेचण्यास वाडीत माणसे नसतात, आणि उचल घेतलेल्या मजुरास भट्टी अर्ध्यावर सोडून येता येत नाही. शेतघरांतील पाहुण्यांच्या व्हिस्कीत स्थानिक स्वाद मिसळण्याची हौस वाढली आहे. तिचा लाभ फुले वेचणाऱ्यांना व्हायचा, तर खरेदी वाडीतून, वाळलेल्या फुलांच्या वजनावर व रोखीने झाली पाहिजे.

मोहफुलांचा पाक : मद्य न गाळताही फुलांचा स्वाद व्हिस्कीत आणता येतो. त्यासाठी वाळलेल्या फुलांतील पुंकेसर व माती झटकून ती दोन-तीनदा धुवावीत, दुप्पट पाण्यात मंद आचेवर अर्धा तास शिजवावीत, फडक्यातून पिळून गाळावीत व गाळलेला रस तारेच्या आधीच्या टप्प्यापर्यंत आटवावा. पाक तपकिरी होतो. त्याचा गंध उग्र असल्याने मेपलच्या जागी घेताना माप निम्म्यावर आणावे व उरलेली गोडी साध्या पाकाने भरून काढावी, ६० मिलि. बर्बनला ४ ते ५ मिलि. मोहाचा पाक व तेवढाच साखरेचा पुरतो. लिंबापेक्षा कोकमाशी तो अधिक जुळतो आणि संत्र्याच्या सालीमुळे त्यातील ओलसर वास मागे हटतो. धुराच्या वासाच्या स्कॉचमध्ये हा पाक घालू नये, दोन उग्र गंधांची कुस्ती होते.

पाक टिकण्याच्या दृष्टीने आटविण्यात कसूर करून चालत नाही. शर्करा ६५ टक्क्यांच्या पुढे गेलेला पाक स्वच्छ, कोरड्या बाटलीत थंड जागी काही आठवडे राहतो. मेपलची बाटलीही उघडल्यावर थंड ठेवावी लागते, नाही तर तिच्यावर बुरशी धरते. फुलांचा पातळ काढा मात्र कोकणच्या एप्रिल–मेच्या उकाड्यात एक-दोन दिवसांतच बुडबुडे धरू लागतो. फुलांबरोबर आलेली यीस्ट त्यास आंबवितात आणि मग तो पाक राहत नाही; कायद्याच्या भाषेत त्याची गणना मद्याच्या कच्च्या मालात, म्हणजे रसायनात होऊ शकते.